मीटलोफ बिघडतो तो कबाबाच्या सवयीने

तुमचे दोन्ही मीटलोफ, म्हणजे खिम्याच्या ओव्हनमध्ये भाजलेल्या लाद्या, कशाने बिघडले ते तुम्ही मला पाठवलेल्या पत्रात स्वतःच लिहून टाकलं आहे. फक्त त्यात काही चुकलं असं तुम्हाला वाटत नाहीये. पहिल्या वेळी टर्की आणि पोर्कच्या खिम्याला मीठ-मसाला लावून तो ‘कणकेसारखा छान मळला’ आणि रात्रभर फ्रिजमध्ये मुरवला. तो रबरासारखा झाला. त्याचा धसका घेऊन दुसऱ्या वेळी चिकन ब्रेस्टचा खिमा घेतला, पाव वगळला (‘उगाच भरताड कशाला’), कच्चा कांदा आणि आल्याची पेस्ट सढळ हाताने घातली. सुरी लावताच त्याचा भुगा झाला आणि टिनमध्ये वाटीभर पाणी सुटलं. लेकीने इथे न्यू जर्सीत मैत्रिणीकडे खाल्लेला तो मऊ तुकडा, वर टोमॅटोचा आंबटगोड चकचकीत थर असलेला, तुम्हाला घरी जमवायचा आहे. बीफ घरात येत नाही, बाकी सगळं चालतं.

मी पेनसिल्वेनियातल्या एका डायनरच्या, म्हणजे साध्या घरगुती जेवणाच्या हॉटेलच्या, किचनमध्ये १९ वर्षं काढली. दर गुरुवारी मीटलोफ, बटाट्याचा मऊ लगदा आणि फरसबी. तिथल्या पहिल्याच महिन्यात मला २० पौंड खिमा मिसळायला दिला होता. आमच्या मामाच्या हाताखाली सीख कबाब शिकलेला मी, बाह्या सरसावून बसलो. तळहाताला चिकटून ओढला जाईपर्यंत खिमा मळला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. भाजून आल्यावर हेड कुकने एक तुकडा कापला आणि काट्याच्या पाठीने दाबला. तुकडा उसळून परत जागेवर आला. तो म्हणाला, ‘सॉसेज झकास झालंय. आता मीटलोफ कर.’

मांसाला मीठ लागलं आणि ते रगडलं गेलं की त्यातलं मायोसिन नावाचं प्रथिन सुटून चिकट होतं. भाजताना त्याचं जाळं घट्ट बसतं. सीख कबाबाला नेमकं हेच हवं असतं, नाहीतर खिमा सळईवर टिकणारच नाही. म्हणून आपल्याकडे मळा, आपटा, मुरवा असं शिकवतात, आणि कबाबापुरतं ते शंभर टक्के बरोबर आहे. मीटलोफ मात्र सळईवर चढत नाही. तो आडवा, निवांत, स्वतःच्या वजनावर पडून भाजला जातो. त्याला तेवढी पकड नको असते, आणि नको असताना दिली की ते जाळं आवळत जाऊन आतला रस पिळून बाहेर काढतं. मीठ लावून रात्रभर ठेवणं म्हणजे हात न लावताही तेच काम चालू ठेवणं. आल्याचा दोष वेगळा आहे. कच्च्या आल्यात मांस विरघळवणारं विकर (एन्झाइम) असतं. मोठ्या तुकड्यांच्या मटणाला ते वरदान आहे, पण आधीच बारीक झालेल्या खिम्यात दोन चमचे पेस्ट गेली की धागाच उरत नाही. तुमच्या दुसऱ्या मीटलोफच्या भुग्यात निम्मा वाटा आल्याचा असणार.

उरलेला निम्मा वाटा पाव वगळल्याचा. याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण आपल्या लोकांना खिम्यात पाव म्हटलं की भेसळ वाटते. मलाही वाटायची.

पाव त्यात शिरला तो काटकसरीने, हे खरं आहे. पेनसिल्वेनियात येऊन वसलेले जर्मन लोक डुकराच्या उरल्यासुरल्या मांसात मक्याचं पीठ शिजवून त्याची लादी थापायचे. तिला स्क्रॅपल म्हणतात, आणि आजही आमच्या भागात ती न्याहारीला कापून तव्यावर परततात. पुढे १९३०च्या दशकातल्या मंदीत पौंडभर खिम्यात सहा-सात तोंडं भागवायची वेळ आली, तेव्हा शिळा पाव, ओट्स, खारी बिस्किटं, जे असेल ते त्यात गेलं. १९४३मध्ये युद्धामुळे अमेरिकेत मांसाचं रेशनिंग झालं, तेव्हाही हाच मार्ग. १९५२मध्ये लिप्टनचं कांद्याच्या सूपचं पाकीट बाजारात आलं, आणि पुढे घरोघरी तेच पाकीट मीटलोफमध्ये रिकामं होऊ लागलं. (चवीला वाईट लागत नाही. खारट फार होतो.) मंदी गेली, रेशनिंग गेलं, मांस मुबलक झालं, तरी पाव गेला नाही. कारण तोवर सगळ्यांच्या लक्षात आलं होतं की पावाशिवायचा मीटलोफ कोरडा लागतो.

दुधात भिजवून कुस्करलेल्या पावाचा जो लगदा होतो त्यातला स्टार्च दूध धरून ठेवतो, आणि तो मांसाच्या कणांमध्ये जाऊन बसला की कणांना एकमेकांशी घट्ट जुळू देत नाही. मांसातून जो रस सुटतो तोही थोडा शोषून घेतो. कोरडा चुरा घातला तर हे घडत नाही. तो उलट मांसाचंच पाणी पितो. म्हणून पाव हवाच, आणि तोही भिजलेला. शामी कबाबात आपण चण्याची डाळ घालतो तेव्हा तिला कोणी भेसळ म्हणतं का?

आता मांसाचं. इथल्या दुकानांत ‘मीटलोफ मिक्स’ म्हणून बीफ, पोर्क आणि कोवळ्या वासराचं मांस एकत्र दळलेलं मिळतं. डायनरमध्ये आम्ही दोन भाग बीफ, एक भाग पोर्क घ्यायचो. बीफ खांद्याचं, १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम चरबी असलेलं, म्हणजे पाकिटावर ८०/२० लिहितात ते. मूळ चव तीच, हे कबूल करायला हवं. पण बीफशिवाय होत नाही असं मुळीच नाही. आमच्या मेन्यूवर टर्कीचाही मीटलोफ असायचा आणि तो मागणारी माणसं तोच मागायची. तुमच्यासाठी माझी शिफारस अशी: एक पौंड पोर्कचा खिमा आणि एक पौंड टर्कीचा, दोन्ही मिळून साधारण ९०० ग्रॅम. टर्की ९९ टक्के ‘लीन’वाली, म्हणजे जवळजवळ बिनचरबीची, घेऊ नका, ८५/१५ किंवा मांडीच्या काळ्या मांसाची घ्या. चिकनच घ्यायचं तर मांडीचं. ब्रेस्टच्या खिम्यात चरबी जवळजवळ नसतेच, त्याला कोणतीही युक्ती फारशी वाचवू शकत नाही.

टर्की-पोर्कमध्ये बीफची जी खोल चव कमी पडते ती मशरूमने भरून निघते. २२५ ग्रॅमचं एक खोकं अगदी बारीक चिरायचं, कोरड्या तव्यावर पाणी पूर्ण आटेपर्यंत परतायचं, शेवटी चमचाभर सोया सॉस. मशरूम नको असतील तर सोडून द्या, पण सोया सॉस ठेवा.

पाणी सुटलं ते कच्च्या कांद्याचं. मोठा एक कांदा, सेलरीची एक काडी आणि लसणाच्या दोन-तीन पाकळ्या बारीक चिरून चमचाभर बटरवर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता. रंग यायला नको, मऊ पडायला हवा. आणि पूर्ण गार करा. गरम कांदा खिम्यात गेला तर चरबी वितळायला लागते आणि ती ओव्हनमध्ये जायच्या आधीच निसटते. मी थाळीत पसरून फ्रिजमध्ये ठेवतो. बारीक चिरा म्हणजे खरंच बारीक. पोह्यांसाठी चिरतो तेवढा मोठा तुकडा राहिला की कापताना लादी तिथेच फाटते.

पांढऱ्या सँडविच ब्रेडच्या चार स्लाइस, कडा काढून, अर्धा कप दुधात दहा मिनिटं. मग काट्याने अशा कुस्करा की गुठळी राहायला नको, दाट खिरीसारखं दिसलं पाहिजे. त्यातच दोन अंडी फेटा. मग सगळी चव याच भांड्यात घाला: एक मोठा चमचा वुस्टर सॉस, दोन लहान चमचे डिजॉन मस्टर्ड, लहान चमचाभर मिरपूड, अर्धा लहान चमचा वाळलेलं थाइम, मूठभर चिरलेली पार्स्ली, आणि मीठ. मांस येण्याआधी सगळं इथे एकजीव झालं की नंतर खिम्याला फार हात लावावा लागत नाही. अख्ख्या पाककृतीत मी कुणाला एकच गोष्ट शिकवायची ठरवली तर हा क्रम शिकवीन.

मिठाचं प्रमाण नीट वाचा. पौंडाला एक सपाट लहान चमचा बारीक मीठ, म्हणजे दोन पौंडांना साधारण १२ ग्रॅम. सोया सॉस घातला असेल तर अर्धा चमचा कमी. पण इथल्या किचनमध्ये जे जाड पापुद्र्याचं कोशर मीठ असतं ते चमच्यात पोकळ बसतं. काही ब्रँडचं तर वजनाने जवळजवळ निम्मंच भरतं. छोटा वजनकाटा घरात असेल तर तोलूनच घाला.

आता गार कांदा, मशरूम आणि शेवटी खिमा. खिमा फ्रिजमधून थेट बाहेर काढलेला हवा. गोठवलेला असेल तर रात्रभर फ्रिजमध्येच सुटू द्या आणि जमलेलं पाणी टाकून द्या. हात ओले करा, बोटं फाकवून पंजासारखी धरा आणि खालून वर उचलत मिसळा, पोह्याला फोडणी लागावी म्हणून हलक्या हाताने हलवतो तसं. तळहात वापरायचाच नाही. मिनिटभरात पावाचे पांढरे ठिपके दिसेनासे झाले की थांबा. ‘अजून जरा’ असं वाटेल. तिथेच थांबा.

लगेच थापू नका. लिंबाएवढा गोळा काढा, चपटा करा, तव्यावर दोन्हीकडून भाजा आणि खा. डायनरमध्ये हे न करता ट्रे ओव्हनमध्ये टाकणाऱ्याला शिव्या पडायच्या. मीठ कमी असेल तर या टप्प्याला घालता येतं, तासाभराने येत नाही. कच्चा खिमा चाखून बघणारे लोक मी पाहिले आहेत, तुम्ही तसं करू नका.

टिनचं काय? लोफ टिनमध्ये भरून भाजला की मीटलोफ चार बाजूंनी स्वतःच्याच चरबीत आणि पाण्यात उकडतो. कडेने जो राखाडी रंग आणि पांढरा फेस तुम्हाला दिसला तो त्यातलाच. टिन फक्त साचा म्हणून वापरा. आत प्लास्टिकची फिल्म घालून मिश्रण अलगद भरा, टिन दोनदा ओट्यावर आपटा म्हणजे आतली हवा जाईल, मग फॉइल किंवा पार्चमेंट घातलेल्या कडवाल्या ट्रेवर उलटं करून फिल्म काढून टाका. किंवा सरळ हाताने लादी थापा, नऊ इंच लांब, पाच इंच रुंद, अडीच इंच उंच. उंची महत्त्वाची आहे. डोंगर केला तर मध्य कच्चा आणि कडा वाळलेल्या. वरून ओला हात फिरवून भेगा बुजवा, नाहीतर त्या ओव्हनमध्ये उघडतात आणि रस तिथूनच बाहेर पडतो.

ओव्हन ३५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १७५ सेल्सिअस, आधी नीट तापलेला. वरच्या थरासाठी अर्धा कप केचप, दोन मोठे चमचे ब्राऊन शुगर आणि एक मोठा चमचा सायडर व्हिनेगर एकत्र करून पाच मिनिटं उकळून दाट करा. इथे हात सैल सोडायला हरकत नाही, चिमूटभर तिखट टाकलंत तर मी काही म्हणणार नाही. हा थर सुरुवातीलाच लावला तर साखर करपते. चाळीस मिनिटांनी निम्मा लावा, बाकीचा शेवटच्या दहा मिनिटांत. आवडत असेल तर शेवटी ब्रॉयलरखाली (ओव्हनच्या वरच्या तीव्र आचेखाली) दोन मिनिटं, पण तिथून हलू नका. दोन मिनिटांत चकाकतो आणि तिसऱ्या मिनिटाला काळा पडतो.

एवढ्या लादीला साधारण तास ते सव्वा तास लागतो. पण वेळेवर विसंबू नका, थर्मामीटर घ्या. दहा-पंधरा डॉलरची वस्तू आहे. मध्यभागी टोचून बघा: बीफ-पोर्कला १६० अंश फॅरनहाइट (७१ सेल्सिअस), आणि टर्की किंवा चिकन असेल तर १६५ (७४ सेल्सिअस). अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे हेच आहेत. खिम्याच्या बाबतीत ते पाळायचेच, कारण दळताना पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात. रंगावर जाऊ नका. कांदा आणि सेलरीतल्या नैसर्गिक नायट्रेटमुळे पूर्ण शिजलेला मीटलोफही आत गुलाबी दिसतो. तेवढ्यासाठी घाबरून आणखी वीस मिनिटं ठेवला की इतका वेळ केलेलं सगळं पाण्यात. तुमचा आकडा आला की बाहेर काढा. १८५पर्यंत गेलेला मीटलोफ परत मऊ होत नाही.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. मला माहीत आहे, घरात वास सुटलेला असतो आणि पोरं ताटं घेऊन बसलेली असतात. पण गरम असताना रस पातळ असतो आणि पावाचा लगदाही सैल असतो, कापलं की सगळं ट्रेमध्ये. निवताना दोन्ही आळतात. मग दातेरी सुरीने, करवतीसारखी पुढे-मागे नेत, पाऊण इंचाचे जाड तुकडे कापा. पातळ कापायचा मोह पहिल्या दिवशी नको.

मसाल्यांचा प्रश्न तुम्ही विचारलात. गरम मसाला, हिरवी मिरची, कोथिंबीर घातली तर काय होईल? चांगलंच लागेल. पण लेकीने जे मागितलं आहे ते ते नव्हे. तिला मैत्रिणीच्या घरातली चव हवी आहे, म्हणून पहिली खेप साधी करा. पुढच्या खेपेला थाइम काढून भाजलेलं जिरं आणि परतलेली हिरवी मिरची घाला. आलं घालायचंच तर कांद्याबरोबर परतून घाला, उष्णतेने त्यातलं विकर निकामी होतं आणि चव तेवढी राहते.

पुण्यात माझी भाची हे करते, तिच्या अनुभवाचंही सांगतो, कारण तुमची बहीण तिकडे करून बघणार आहे असं तुम्ही लिहिलं आहे. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यानंतर बैलाचं मांसही मिळत नाही, तेव्हा तिथे प्रश्न मटणाच्या खिम्याचाच. बकऱ्याचं मांस रेषेदार आणि कमी चरबीचं. खाटकाला सांगायचं की रानाचा (मागच्या मांडीचा) नको, खांद्याचा दे, थोडी चरबी त्यातच घाल आणि यंत्रातून दोनदा काढ. त्यात एक तृतीयांश चिकनच्या मांडीचा खिमा मिसळला तर पोत मऊ येतो. चिकन आहे म्हणजे तापमान ७४ सेल्सिअसच. दूध-पावाचं प्रमाण तेच, फक्त बेकरीचा लादी पाव घेतला तर दूध थोडं कमी लागतं, तो आधीच मऊ असतो. लहान ओटीजीत वरची कॉइल लादीच्या फार जवळ येते. पहिली चाळीस मिनिटं फक्त खालची चालू ठेवायची, किंवा वर फॉइलचा सैल तंबू करायचा. एका लादीऐवजी दोन छोट्या थापल्या तर पस्तीस ते चाळीस मिनिटांत होतात, आणि त्या ओव्हनला तेच झेपतं.

बरोबर काय? बटाट्याचा लगदा, भरपूर बटर घालून, आणि काहीतरी हिरवं. ट्रेमध्ये जो रस उरतो त्यावरची चरबी काढून चमचाभर मैदा परतून ग्रेव्ही करता येते, पण वर केचपचा थर असेल तर मला ग्रेव्ही जास्तीची वाटते. पोळीबरोबर मी खाऊन पाहिला आहे. नाही जमत.

उरलेला दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. तीन-चार दिवस छान टिकतो. आणि खरं सांगायचं तर आम्ही किचनमधली माणसं गुरुवारी मीटलोफ खायचोच नाही, शुक्रवारी सकाळची वाट बघायचो. थंडगार लादीचे अर्ध्या इंचाचे तुकडे पडतात, आता पातळ कापले तरी मोडत नाहीत. बिडाचा तवा चांगला तापवायचा, थोडं बटर, आणि एका बाजूला काळपट खरपूस कड येईपर्यंत न हलवता ठेवायचं. केचपच्या थराची बाजू शेवटी, अर्धं मिनिटच. पांढऱ्या पावाच्या दोन स्लाइस, मेयोनेज, कच्च्या कांद्याच्या दोन चकत्या. लेकीच्या डब्यात तो दिलात तर एक जास्तीचा द्या, मैत्रिणीसाठी.